डोकेदुखीसाठी नाही

१९५५ साली रंगूनमधला एक तरुण मारवाडी उद्योजक अर्धशिशीने बेजार झाला होता. कळ उठली की मॉर्फिनचं इंजेक्शन, आणि आता त्या मॉर्फिनचंच व्यसन लागेल ही धास्ती. कुणीतरी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला जा म्हणून सुचवलं. ऊ बा खिन म्हणजे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, हिशेबाचे पक्के. डोकेदुखी घालवायला आला असाल तर इथे जागा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मनाचा मळ धुवायचा असेल तर या; डोकेदुखी त्या ओघात गेली तर गेली.

तो तरुण म्हणजे सत्यनारायण गोएंका. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्राची सुरुवात झाली.

दर २१ जूनच्या आसपास योग-ध्यानाच्या जाहिरातींचा पूर येतो, तेव्हा मला तो नकार आठवतो. तणाव घालवा, झोप सुधारा, कामाचा झपाटा वाढवा, आनंदी व्हा. आपण आता नेमके डोकेदुखीसाठीच जातो आणि दारातला माणूस पावती फाडून आत घेतो.

धम्मगिरीत पावती नाही. दहा दिवसांची फी नाही आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानही घेत नाहीत. मात्र फोन, पुस्तक, वही-पेन सगळं जमा करायचं. बोलायचं नाही, शेजारच्याच्या नजरेला नजरही द्यायची नाही. पहाटे चारला घंटा. दिवसाकाठी दहा तासांच्या वर बैठक. मोकळं होण्यासाठी आधी स्वतःला असं कोंडून घ्यायचं! पहिले तीन दिवस नुसता श्वास. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायच्या, आणि रोज तीन वेळा तासभर डोळे न उघडता, हात-पाय न हलवता बसायचं. गुडघा पेटतो. नाकावर खाज सुटते, वाटतं आता खाजवलं नाही तर जीव जाईल. हात उठत नाही. खाज वाढते, टोकाला जाते आणि विरते. जीव काही जात नाही. सासूच्या टोमण्याला, साहेबाच्या मेलला आपण ज्या तडफेने उत्तर देतो ती तडफ याच हाताची, हे तिथे अंगाला कळतं. आतली मोकळीक म्हणतात ती, माझ्या मते, एवढीच. फार थोर काही नाही.

आणि आनंद? काहींना पाचव्या-सहाव्या दिवशी सर्वांगातून संवेदनांची झुळझुळ वाहू लागते. माणूस हरखतो. दुसऱ्या दिवशी तीच मागत बसतो, येत नाही, म्हणून खट्टू होतो. शिकवणी सांगते की ही झुळझुळही त्या खाजेसारखीच बघायची. आनंदासाठी गेलेल्याची खरी फजिती इथे होते. (गंभीर मानसिक आजार असेल तर हा रस्ता नव्हे; प्रवेश-अर्जात तसं विचारतात. ते खरं लिहावं.)

या पद्धतीची गाजलेली कसोटी तुरुंगात झाली. १९७५ मध्ये जयपूरच्या कारागृहात शिबिर झालं, आणि किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना एप्रिल १९९४ मध्ये तिथे एक हजारावर कैदी एकत्र बसले. भिंतीआडही माणूस मोकळा होऊ शकतो, असं यावर भारावून लिहिलं जातं. होऊ शकतो, मान्य. पण तिहारमधले बहुसंख्य कैदी कच्चे होते. त्यांना ध्यानाइतकीच तारखेची गरज होती. कैद्याने समता शिकली म्हणून खटला रखडवायची मुभा न्यायव्यवस्थेला मिळत नाही.

नेमकी ही गल्लत आपल्या कचेऱ्यांत चालते. तीन माणसांचं काम एकावर टाकायचं, रात्री अकराला मेल धाडायचा आणि बुधवारी दुपारी सतरंज्या अंथरून श्वास बघायला लावायचं. माणूस कोलमडला तर दोष त्याच्या श्वासाचा!

ऊ बा खिन यांनीही आपल्याच कचेरीत ध्यानाची खोली केली होती, हाताखालच्या लोकांना शिकवलं होतं. पण तेच गृहस्थ दिवसभर त्या खात्यातली लाचखोरी आणि दिरंगाई उपटून काढण्यामागे लागलेले असत. सरकारने तर एका वेळी एकाहून अधिक खाती त्यांच्या गळ्यात मारली. तुमच्या कंपनीत बुधवारचा वर्ग सुरू होणार असेल, तर मनुष्यबळ खात्याला एवढं जरूर विचारा : त्या वर्गाला साहेब बसणार आहेत का, आणि गुरुवारी ते काय बदलणार आहेत?