धागा : नागपूरच्या जुन्या शाळांना वारशाचा मान आहे, डागडुजीचा पैसा नाही

१/ १८५४ हे वर्ष भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाल्याचे वर्ष म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी जुलैत चार्ल्स वूडचा शैक्षणिक खलिता लंडनहून निघाला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत रुजली. वेतन, शिष्यवृत्ती, ग्रंथालय आणि शाळागृह या बाबी तीत वेगवेगळ्या धरल्या होत्या. छप्पर हा स्वतंत्र खर्च आहे, एवढे त्या काटकसरी परक्या सत्तेलाही कळत होते.

२/ आज महाराष्ट्रात अनुदानित शाळेच्या शिक्षकांचे वेतन शासन देते. वीज, खडू, झाडलोट आणि दुरुस्ती हे सारे ‘वेतनेतर’ अनुदानात कोंबलेले आहे. २००४ पासून अनेक वर्षे तेही बंद होते. २०१३ मध्ये ते पाच टक्के दराने पुन्हा सुरू झाले. इमारत दहा वर्षांची आहे की शंभर वर्षांची, हे त्या पाच टक्क्यांना दिसत नाही.

३/ वारसा यादीला मात्र ते नेमके दिसते. यादीतील वास्तूत फेरबदल करायचा तर नागपुरात वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते. नियम योग्यच आहे. पण कौल बदलायला परवानगी घ्यायची आणि कौलाचे पैसे स्वतः शोधायचे, याला संवर्धन म्हणत नाहीत; ही मालकावर लादलेली वेठ आहे.

४/ पैसा नसला की स्वस्त उपाय येतो : चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. मग क्षार फुलतात, विटा भुसभुशीत होतात, तुळयांची भिंतीतली टोके कुजतात. काही वर्षांनी अभियंता ‘धोकादायक’ असा शेरा देतो. धरमपेठेसारख्या वस्तीत, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, असा शेरा काहींना हवाच असतो.

५/ पैसा नाही, ही सबब खोटी आहे. पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. वाडा डोळ्यांदेखत खचत गेला, वाद न्यायालयात रेंगाळला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला. आता तेथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. स्मारक व्हावेच, पण वास्तू उभी असताना आटलेली तिजोरी ती पडल्यावर कशी उघडते, याचे उत्तर कोणी देत नाही.

६/ राजकोटचे उदाहरण निराळे. गांधीजी शिकले ते आल्फ्रेड हायस्कूल २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१८ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. इमारत वाचली, शाळा गेली. हा अर्धाच विजय.

७/ ‘खासगी संस्थेच्या भिंतींवर जनतेचा पैसा कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अटी घालाव्यात : शाळा त्याच वास्तूत चालू राहील, जागा विकली जाणार नाही, हिशेब दर्शनी फलकावर लागेल. ‘आधी स्वच्छतागृहे बांधा’ हा आक्षेप त्याहून वजनदार. पण स्वच्छतागृहाचा आणि छपराचा पैसा एकाच तुटपुंज्या रकमेतून काढायला लावणारी व्यवस्थाच ही स्पर्धा निर्माण करते.

८/ मागणी एवढीच : ऐतिहासिक शाळागृहांच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्याची रक्कम फेब्रुवारीपूर्वी शाळेच्या हाती पडावी. चुना आठवडे आठवडे भिजवावा लागतो; नागपूरच्या उन्हात ताज्या गिलाव्यावर ओली पोती ठेवावी लागतात; कौले मृगापूर्वी बसावी लागतात. मार्चअखेरीस घाईने आलेल्या पैशातून फक्त रंग लागतो.