विश्लेषण : गाडी उभी, इंजिन सुरू… पोलीस वाहनांची झीज किलोमीटरमध्ये का दिसत नाही?

दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की हिवाळी अधिवेशन, नागपुरात बंदोबस्त लागला की चौकाचौकांत पोलिसांच्या गाड्या तासन्‌तास उभ्या दिसतात. चाके थांबलेली, इंजिन मात्र सुरू. दिवे, वायरलेस आणि मे महिन्यात एसी, सारे त्यावरच चालते. किलोमीटरच्या आकड्यात हे तास येत नाहीत. ऑइल मात्र खराब होतच राहते.

उभ्या गाडीचे इंजिन झिजते कसे?

ऑइल केवळ वंगण नाही. ते उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचा कीस धरून ठेवते. आयडलिंगमध्ये ऑइलचा दाब कमी असतो, ज्वलन अपुरे होते आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ झाले की बेअरिंग आणि पिस्टन रिंग घासू लागतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या ‘बीएस-६’ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. गस्तीत ते जमत नाही. म्हणून डिपस्टिकवर ऑइल ‘वाढलेले’ दिसले तर खूश होऊ नये. त्यात डिझेल मिसळलेले असू शकते.

नागपूरचे ऊन काय करते?

२३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. सारा भार पंख्यावर येतो. तापलेले ऑइल लवकर निकामी होते.

हिशेब कसा मांडावा?

अमेरिकेतील पोलीस गाड्यांसाठी फोर्ड कंपनीचा ठोकताळा आहे : एक तास आयडलिंग म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धाव. इंजिनानुसार आकडा बदलेल, पण अंदाज येतो. समजा, गाडी रोज ६० किलोमीटर फिरली आणि चार तास उभी राहून सुरू होती. महिन्याला मीटरवर १,८०० किलोमीटर. या हिशेबाने इंजिनाची धाव मात्र आठ हजारांवर. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचे ठरवले, तर मीटर साडेपाच महिने थांबायला सांगेल. इंजिन जेमतेम सव्वा महिना.

मग करावे काय?

उपाय महागडे नाहीत. लॉगबुकमध्ये किलोमीटरशेजारी इंजिन-तासांचा रकाना हवा. किलोमीटर, तास, महिने यांपैकी जी मर्यादा आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलावेत. ड्युटी बदलताना चालकाने डिपस्टिक पाहून सही करावी. वायरलेस व दिव्यांसाठी वेगळी बॅटरी दिली, तर इंजिन बंद ठेवता येईल. मात्र उन्हात उभ्या पोलिसाचा एसी काढून घेणे, ही बचत नव्हे.

ऑइलच्या काही लिटरवर वाचवलेला पैसा इंजिन उघडावे लागले की कैकपटीने जातो. त्याहून मोठी किंमत वेगळी आहे. ‘११२’ फिरवून दाराआड थांबलेल्या माणसाला गाडीचे मीटर किती फिरले याच्याशी देणेघेणे नसते. ती वेळेत पोहोचावी, एवढेच त्याला हवे असते.