गाडी गेली, मैना इथंच आहे

आमची ओम्नी गेल्या आठवड्यात भंगारात गेली. १९९५ चं मॉडेल, केए २२ पासिंग, मूळ रंग पांढरा, नंतरचा रंग कुठलाच नाही. आज्जानं सोसायटीचं कर्ज काढून ती नवी कोरी घेतली होती. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढं दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं. २०१० ला झालं, २०१५ ला झालं, २०२० ला झालं. या जुलैत पुन्हा मुदत संपली. आधी ६०० रुपयांत व्हायचं ते काम एप्रिल २०२२ पासून ५००० वर गेलं होतं. तेवढे भरले असते हो. पण मिस्त्रीनं गाडी खालून बघितली, स्क्रूड्रायव्हर पत्र्याला नुसता टेकवला आणि तो आरपार गेला. "हिला पास करून घेऊन काय करणार?" म्हणाला. विषय संपला.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी आतलं सामान काढत होते. सीटखाली एक जॅक, पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी, हुतात्मा दिनाला छातीवर लावायच्या काळ्या फिती आणि एक कॅसेट मिळाली. कॅसेटवर आज्जाच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला: 'शाहिरी'.

आमच्या पिढीतल्या बेळगावच्या पोरांना वेगळं सांगायला नको त्या कॅसेटवर काय असणार ते. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना'. मोर्चात ऐकलेली, १ नोव्हेंबरच्या सायकल फेरीत ऐकलेली, गणपतीत ऐकलेली, आता रीलवर ऐकतो ती. मी मात्र ती पहिल्यांदा ऐकली या ओम्नीत, मागच्या सीटवर आज्जीच्या मांडीवर, हिंडलगा ते शिनोळी रस्त्यावर. टेप अडकली की आज्जा गाडी बाजूला घ्यायचा आणि पेन्सिल घालून चाक फिरवायचा. त्यामुळं गाण्याचा मधला भाग मला अजूनही थांबून थांबूनच आठवतो.

१८ जुलैला अण्णाभाऊंची पुण्यतिथी झाली, १ ऑगस्टला जयंती आहे. मधल्या दिवसांत आमची गाडी गेली. म्हणून हे लिहितेय.

आधी आज्जीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यात. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं. आज्जी तेव्हा सहा वर्षांची. तिचं घर हललं नाही, शेत हललं नाही, विहीर हलली नाही, फक्त जिल्हा बदलला. पुढं लग्न होऊन ती बेळगावात आली, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरचं माहेर दुसऱ्या राज्यात जाऊन बसलं. पंचमीला, भावाच्या पोरांच्या बारशाला, शेवटी भावाच्या मातीला, दर वेळी ती सुळगा, तुरमुरी, बाची ओलांडून शिनोळीला 'महाराष्ट्रात' शिरायची. ओम्नी मुळात घेतली ती त्यासाठीच. आज्जा उद्यमबागच्या फौंड्रीत होता, त्याला स्वतःला सायकल पुरत होती.

आता गाण्याकडं येऊ. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग समाजात जन्म, शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणीच घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली. गिरणीत काम केलं, पडेल ते काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. 'फकिरा' १९५९ ची, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. १९६१ ला रशियाला जाऊन आले. १८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशीही गाठली नाही. पुढं २००२ ला टपाल खात्यानं तिकीट काढलं, २०२२ ला मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला एक कामगार गावात मागं राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचे दागिने, निघतानाचा प्रसंग, मग मुंबईची श्रीमंती आणि गरिबी, मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. आणि शेवटी तो म्हणतो की माझी आणि मैनेची जी ताटातूट झाली, तीच या तुकडे झालेल्या मुलखाची झाली. तिथं बेळगाव येतं, कारवार येतं. ती नावं आली की गर्दी उसळते. आपल्या गावाचं नाव एवढ्या मोठ्या गाण्यात असणं ही काय साधी गोष्ट आहे?

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. गाण्यातलं अर्धं मागणं पुरं झालं. अर्धं आपल्याकडं शिल्लक राहिलं. १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. मी पण २००४ चीच. आम्ही दोघी एकाच वयाच्या, मी आणि ती केस. मी बालवाडीपासून बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आले, ती अजून तारखा घेतेय.

तर मुद्दा असा. एकदा, मी दहावीत असेन, शिनोळीहून परत येताना कॅसेट चालू होती. आज्जा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता. गाणं संपलं, आणि आज्जी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तो मुंबैला जाऊन गाणं म्हणतोय. मागं राहिली ती काय म्हणाली, ते हाय का कॅसेटीत?"

आज्जा हसला. मी पण हसले. आता हसू येत नाही.

कारण मित्रमैत्रिणींनो, त्या गाण्यात आपण कोण आहोत? गाणारा आपण नव्हे. गाणारा गाव सोडून गेलाय, मुंबईत आहे, त्याला आपली आठवण येतेय. आपण मैना आहोत. मागं राहिलेली, सुंदर, रडणारी, वाट बघणारी. गेली जवळजवळ सत्तर वर्षं आपण ही भूमिका इतकी मनापासून वठवतोय की आपल्याला दुसरं काही येतं हेच विसरलोय. मुंबईहून कुणी नेता येतो, आपली आठवण येते म्हणतो, टाळ्या घेतो, जातो. निवडणूक आली की आठवण जास्त येते. आणि आपण पुन्हा दारात उभे.

यात अण्णाभाऊंचा दोष नाही. त्यांनी गिरणगावातल्या कामगाराच्या तोंडचं गाणं लिहिलं, त्याचं दुःख खरं होतं. शिवाय बायकांची बाजू त्यांना कळत नव्हती असं तर कुणी म्हणूच नये. 'चित्रा', 'वैजयंता', 'चंदन', 'आवडी' अशी बायकांच्या नावाची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत त्यांची. दोष आपला. आपण एवढ्या मोठ्या लेखकाकडून एक गाणं घेतलं, त्यातल्या शेवटच्या चार ओळी घेतल्या आणि बाकीचा माणूस सोडून दिला. आपल्यातल्या किती जणांनी 'फकिरा' वाचलीय? त्यांची जयंती कुठल्या वस्तीत होते आणि कुठल्या गल्लीत होत नाही, हे जरा आठवून बघा. सीमाभागाचं गाणं सगळ्या मराठी माणसांचं, आणि गाणं लिहिणाऱ्याची जयंती फक्त एका समाजाची, हे कसं काय? मराठी म्हणून एक व्हा असं आपण मोर्चात म्हणतो, आणि १ ऑगस्टला आपल्यातलीच एक वस्ती एकटी मिरवणूक काढते. मी पण त्या मिरवणुकीला कधी गेले नव्हते. आज्जा जायचा. ओम्नी घेऊन जायचा, तिच्यातून लाऊडस्पीकरची बॅटरी न्यायचा.

आता त्या पाटीबद्दल. डिसेंबर २०२२ आठवतो ना? हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसवर काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात कोल्हापूरला आमच्या घरचं एक लग्न होतं. तिथल्या काकांचा फोन आला, "गाडी आणू नका, केए पाटी बघून कुणी काच फोडली तर?" आतमध्ये 'माझी मैना'ची कॅसेट, काचेवर शिवाजी महाराज, आणि पाटीमुळं आपण तिथं कानडी. इथं बोली ऐकून आपण मराठी. ओम्नी त्या लग्नाला गेलीच नाही. आम्ही पण गेलो नाही. आज्जी दिवसभर कुणाशी बोलली नाही. दोन्हीकडच्या दगडांना भाषा वाचता येत नाही, पाटी तेवढी वाचता येते, हे मी त्या दिवशी शिकले. राज्यशास्त्राच्या कुठल्याही पेपरात ते नव्हतं.

म्हणून काही जण म्हणतात, सोडून द्या आता. कानडी शिका, नोकरी बघा, बेंगळुरूला जा. कानडी मला येतं, आज्जीला माझ्याहून चांगलं येतं. शेजारच्या अक्कांशी तिची तीस वर्षांची मैत्री कानडीतच आहे. प्रश्न कानडीचा द्वेष करायचा नाहीच. आज्जा म्हणायचा, भांडण भाषेशी नाही, सक्तीशी आहे. पण सोडून द्यायचं म्हणजे नक्की काय सोडायचं? आज्जीचं माहेर? माझी शाळा?

मला वाटतं सोडायची असेल तर एकच गोष्ट सोडू. वाट बघणं.

कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, त्यावर आपला हात नाही. पण ज्या १९५६ नं आपल्याला तोडलं, त्याच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आपल्याला काही दिलंय. कलम ३५०-अ: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. कलम ३५०-ब: भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी, जो थेट राष्ट्रपतींना अहवाल देतो. त्याच्याआधीचं साधं कलम ३५०: आपल्या तक्रारीचं निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. हे सगळं निकालाच्या आधीचं आहे. बेळगाव कुठल्या राज्यात आहे यावर ते अवलंबून नाही. उलट बेळगाव इथं आहे म्हणूनच ते लागू आहे. पण हक्क वापरावा लागतो. मैनेनं कधीतरी स्वतः अर्ज लिहावा लागतो.

गाडी भंगारात देताना रजिस्ट्रेशन रद्द करावं लागतं. आरसी जमा करायची, चेसिस नंबरचा पत्र्याचा तुकडा कापून द्यायचा. त्यासाठीचा अर्ज मी मराठीत लिहून नेला. खिडकीवरच्या माणसानं एकदा कागदाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत दिला. मी भांडले नाही. तोच मजकूर कानडीत लिहून वर जोडला, मराठी अर्ज खाली ठेवला आणि दोन्हीवर पोच मागितली. अर्धा तास गेला. मागं रांगेत कुणीतरी चुकचुकलं. पोच मिळाली, दोन्हीवर शिक्का. काम काय मोठं नाही, एका भंगार गाडीचा कागद. पण आमच्या घरात आजवर सरकारी शिक्का असलेला मराठी कागद आज्जाच्या ट्रंकेतच असायचा, १९५६ च्या आधीचा. आता एक २०२५ चा आहे.

गाडी न्यायला टेम्पो आला तेव्हा आज्जी दारात आली. मला वाटलं रडेल. तिनं सरकता दरवाजा एकदा उघडला, एकदा लावला, तो नेहमीसारखा अर्ध्यावर अडकला. "हा कधी नीट लागलाच नाही," म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "आता चंदगडला कशी जाऊ?" मी म्हटलं, एसटीनं जाऊ. ती म्हणाली, "भांडणं लागली की एसटी पण बंद पडते की." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

कॅसेट मी ठेवलीय. वाजवायला घरात टेप नाही, ती गाडीबरोबर गेली. पण या १ ऑगस्टला दोन गोष्टी करायच्या ठरवल्यात. एक, मिरवणूक निघते त्या वस्तीत जायचं, भाषणाला नाही, बसायला. दुसरी, आज्जीला समोर बसवून विचारायचं की मागं राहिलेली काय म्हणाली असती, आणि ती जे बोलेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्यायचं. तुमच्याही घरात अशी एखादी आज्जी, आई, मावशी असेल, जिचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात आहे. तिला विचारा. वय झालंय त्यांचं, रजिस्ट्रेशन वाढवून मिळत नसतं.