कूस बदलणाऱ्या हातांचा हिशेब

मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. लघवीसाठी दिवसातून चार-सहा वेळा नळी घालावी लागते. यात हयगय झाली की आधी त्वचा लाल होते, मग जखम पडते, आणि ती हाडापर्यंत पोहोचली की महिनोन्महिने रुग्णालयात काढावे लागतात. असा रुग्ण माजी सैनिक असेल, तर त्याच्यासाठी राबणाऱ्या माणसाचा विचार सरकारी नियमांत केलेला आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या वर मिळणाऱ्या या रकमेला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात. जुलै २०१७ पासून ती महिन्याला ६,७५० रुपये ठरली. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की तिच्यात २५ टक्क्यांची भर पडते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मात्र या भत्त्याचे नावही फारसे कानावर पडत नाही.

भत्त्यासाठी अपंगत्व १०० टक्के असावे लागते, ते लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे लागते, आणि सतत माणूस लागतो अशी लष्करी वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. इथेच अनेक कुटुंबांची गल्लत होते. जिल्हा रुग्णालयातून मिळालेले दिव्यांग प्रमाणपत्र हाती असले की काम झाले, असे त्यांना वाटते. ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे. त्यात ४० टक्क्यांच्या पुढे सवलती सुरू होतात. अपंगत्व शेतात आले की सीमेवर, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. लष्करी मंडळाचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन वेगळे टक्के असू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

खरी अडचण टक्क्यांतच आहे. टक्केवारी शरीराचे किती नुकसान झाले ते सांगते, सोबतीला माणूस किती लागतो ते सांगत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. उलट डोक्याला मार बसलेला एखादा जवान हातापायांनी धडधाकट दिसतो. पण गॅस सुरू ठेवून निघून जातो, घरची वाट विसरतो, रात्री उठून दार उघडतो. त्याचे टक्के शंभराच्या खाली राहू शकतात, आणि त्याच्या बायकोला मात्र तासभर बाजारात जाता येत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांना अशी वाढीव भरपाई देताना कपडे घालणे, जेवणे, स्वच्छता राखणे आणि रोजच्या धोक्यांपासून स्वतःला वाचवणे या गोष्टी त्याला जमतात का, हे पाहतात. आपल्याकडेही बार्थेल निर्देशांक डॉक्टरांना ठाऊक आहे: दहा साध्या कामांची शंभर गुणांची मोजणी, दहा मिनिटांत होणारी. शंभर टक्क्यांच्या अटीला तिची जोड देणे अजिबात अवघड नाही.

आणखी एक अट खटकते. रुग्ण सरकारी रुग्णालयात किंवा संस्थेत दाखल असेल, तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही. तिथे परिचारिका आहेत, मग वेगळा माणूस कशाला, हा त्यामागचा तर्क. ज्याने आपल्याकडचा एखादा सरकारी वॉर्ड पाहिला आहे त्याला यावर हसू येईल. खाटेखाली चटई टाकून झोपलेला नातेवाईकच तिथे कूस बदलतो, भांडे देतो, भरवतो. दाखल होण्याच्या दिवसांत घरचा खर्च वाढतो आणि नेमका तेव्हाच भत्ता थांबतो.

अक्कलकुवा, धडगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात. घरात असा रुग्ण असेल तर एक माणूस मागे राहतो, आणि त्याची त्या हंगामाची मजुरी बुडते. हा माणूस बहुधा बाईच असते, हे वेगळे सांगायला नको.

वय वाढते तशी गरजही वाढते. चाकाच्या खुर्चीवर वीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाचे खांदे झिजतात, कारण शरीराचा सगळा भार हातांवर येतो. पन्नाशीत स्वतः खाटेवर चढणारा सैनिक सत्तरीत दुसऱ्याच्या आधाराशिवाय चढू शकत नाही. अशा वेळी सेवेतून बाहेर पडतानाचे जुने टक्के धरून बसू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे फेरतपासणीसाठी अर्ज करावा. दावा नाकारला गेला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. नकाराचे पत्र फाडून टाकू नये, अपिलाला तेच लागते.

या कागदांत सरकारी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. ‘अशक्तपणा, विश्रांतीचा सल्ला’ एवढे लिहिलेल्या केसपेपरने मंडळाला काहीच कळत नाही. रुग्णाला जेवण कोण भरवतो, लघवीची नळी कोण घालतो, जखम कधी झाली, रात्री किती वेळा उठावे लागते, हे तारखेसह लिहिलेले हवे.

राहिला प्रवास. ज्याला बसवतही नाही अशा माणसाला धडगावहून चांदसैली घाट उतरवून लष्करी रुग्णालयापर्यंत न्यायचे, तर गाडीभाड्यातच घर रिकामे होते. पहिली तपासणी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात व्हावी आणि तिचा अहवाल मंडळाने ग्राह्य धरावा, एवढा बदल संरक्षण खात्याने करायला हवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची तपासणी तिथे आजही होतेच.