पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर : निवड मालकाने करावी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने मोटारीच्या एका बोटभर लांबीच्या भागाविषयी स्मरणिकेत लिहावे, याचे काही सभासद बंधूंना नवल वाटेल. परंतु ज्या पेढीच्या दारात एखादी लहान मालवाहू गाडी उभी नाही, अशी पेढी आज आपल्यात क्वचितच सापडेल. बैलगाडी गेली, टेंपो आला, आणि आता पिकअपवाचून रविवार पेठेतील पोते हलत नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात आणि आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे जाणारा बेळगावचा माल याच गाड्यांच्या पाठीवर जातो. गाडी घेताना आपल्यातील प्रत्येक जण चार ठिकाणी भाव काढतो आणि कर्जाचे व्याज पैशापर्यंत मोजतो. तीच गाडी नादुरुस्त झाली म्हणजे मात्र तिच्यात कोणता भाग घालावयाचा, हा निर्णय चालकावर व मेकॅनिकवर सोपवून बहुतेक मालक गादीवर निवांत बसतात. ही रीत बरी नव्हे. ती किती महाग पडते, हे ऑक्सिजन सेन्सरच्या उदाहरणावरून उत्तम प्रकारे दाखविता येते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

हा सेन्सर म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर त्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर इंधन वाया जाते व धूर विषारी होतो. जास्त झाली तर इंजिनाचे काम बिघडते. हे प्रमाण साधले की नाही, हे धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळते. धुराच्या नळीत आट्यांनी बसविलेला हा सेन्सर एका अंगाने धूर आणि दुसऱ्या अंगाने बाहेरची हवा यांची तुलना करतो. नेहमीच्या प्रकारात झिर्कोनिया नावाची चिनी मातीसारखी कठीण वस्तू असते. ऑक्सिजनमधील फरकामुळे तिच्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते : इंधन कमी असता सुमारे ०.१ व्होल्ट, जास्त असता सुमारे ०.९ व्होल्ट. हा निरोप मिळताच गाडीचा संगणक इंधन वाढवितो वा घटवितो. आपल्या भाषेत बोलावयाचे तर सेन्सर हा इंजिनाचा मापारी होय. तो स्वतः काही देत-घेत नाही. पण त्याचे माप खोटे झाले की सारा हिशेब खोटा होतो.

१९७६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा सेन्सर प्रथम व्होल्व्हो मोटारींत बसला. शिसे मिसळलेले पेट्रोल या सेन्सरला मारक. असे पेट्रोल आपल्या देशात सर्वत्र बंद झाले ते २००० सालच्या फेब्रुवारीत. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतरच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांत साधारणतः दोन सेन्सर आढळतात. पहिला इंजिनाजवळ असून तो इंधनाचे माप ठरवितो. दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडे असून कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही, यावर तो देखरेख ठेवतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो. म्हणून तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग.

सेन्सर बिघडल्यास गाडी बहुधा बंद पडत नाही, आणि खरा धोका नेमका येथेच आहे. संगणक अंदाजाने इंधन देऊ लागतो आणि गाडी धावत राहते. मालक म्हणतो, "धावते आहे ना? मग राहू दे." इकडे दर खेपेस थोडेथोडे इंधन जास्त जळते. ज्या तराजूत दर मणामागे मूठभर धान्य जास्त जाते, त्याचा तोटा एका दिवसात दिसत नाही, वर्षअखेरीस दिसतो. पुढे तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये पेटून आतील जाळी वितळते व धुराची वाट कोंडते. मग भरलेली गाडी घाटाच्या चढावर दम टाकते, आणि पावसाळ्याच्या रात्री चालक बिचारा रस्त्याच्या कडेला पोत्यांवर ताडपत्री ओढून बसतो. त्या रात्रीचे मोल कोणत्याच खातेवहीत लिहिले जात नाही.

तेव्हा इंजिनाचा पिवळा दिवा लागताच दखल घ्यावी हे खरे. पण लगेच नवा सेन्सर आणावयास धावणे हेही शहाणपणाचे नव्हे. स्कॅनर यंत्राने जो सांकेतिक क्रमांक मिळतो तो तक्रारीचा असतो, निकालाचा नव्हे. पी ०१३५ हा क्रमांक पहिल्या सेन्सरला ऊब देणाऱ्या तारेच्या मंडलात दोष आहे एवढेच सांगतो. तो दोष सेन्सरमध्ये, वायरमध्ये किंवा फ्यूजमध्येही असू शकतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. त्याचे कारण हवेची गळती किंवा इंधनाचा कमी दाब हेही असू शकते. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका पेट्रोल पिकअपला असाच दिवा लागला. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलावा लागेल असे सांगून भावही काढून दिला. आमच्या वयस्क चालकाने गाडीखाली दिवा धरून पाहिले, तो सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली! गोदामाशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीस हा उपद्रव नवा नव्हे. वायर जोडली, स्कॅनरने नोंद पुसली, आणि तोच सेन्सर आजतागायत चालू आहे. म्हणून वायर, कपलर, फ्यूज आणि धुराच्या नळीची गळती या चार गोष्टी पाहिल्याखेरीज खरेदीस संमती देऊ नये.

सेन्सरच गेला असे ठरले, तर पुढचा प्रश्न : कोणता घ्यावा? येथे पहिला भ्रम आट्यांचा. बहुतेक सेन्सरांचे आटे एकाच मापाचे, म्हणजे अठरा मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यामुळे एका गाडीचा सेन्सर दुसऱ्या गाडीत सहज बसतो आणि "बसला म्हणजे झाले" असे वाटते. परंतु आटा जुळला म्हणून माप जुळत नाही. कोणास तीन तारा, कोणास चार. अधिक सूक्ष्म माप देणाऱ्या रुंद पल्ल्याच्या प्रकारास बहुधा पाच. त्या प्रकाराचा निरोपच निराळ्या रीतीचा असल्यामुळे त्याच्या जागी साधा सेन्सर मुळीच चालत नाही. ऊब देणाऱ्या तारेचा विद्युत्-रोध, वायरची लांबी, कपलरचा आकार हेही मिळाले पाहिजेत. पहिल्या व दुसऱ्या सेन्सरांची अदलाबदल तर कधीच करू नये. यास्तव जुन्या सेन्सरवर कोरलेला क्रमांक उतरून घ्यावा, गाडीचा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक जवळ ठेवावा, आणि अधिकृत विक्रेत्याच्या सूचीशी दोन्ही ताडून पाहावेत. डिझेल पिकअपच्या मालकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. भारत स्टेज सहाच्या अनेक डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा निराळा व पुष्कळ महाग सेन्सर असतो. बोलण्यात दोहोंचा घोटाळा होतो. बिलात होऊ देऊ नये.

आता भावाविषयी. बाजारात हा माल मुख्यतः चार रूपांत मिळतो. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातील. दुसरा, सेन्सर बनविणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातील. गाड्यांच्या कंपन्या सेन्सर सहसा स्वतः बनवीत नाहीत; बॉश, डेन्सो, एनटीके यांसारख्या कारखान्यांकडून घेतात. तेव्हा त्याच कारखान्याचा, त्याच गाडीसाठी नेमून दिलेला सेन्सर त्याच्याच खोक्यात पुष्कळदा कमी दराने मिळतो. धान्य तेच, बारदानावरचा मार्का निराळा. काटकसर करावयाची ती येथे करावी. ही काटकसर प्रामाणिक आहे. तिसरा प्रकार सार्वत्रिक सेन्सरचा. यात जुना कपलर कापून नव्या तारांस जोडावा लागतो. तो नामांकित कारखान्याचा असला आणि जोड सूचनेबरहुकूम झाला, तर चालतो. परंतु अनेक सेन्सर तुलनेची बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच आत घेतात, त्यामुळे डाग देऊन केलेला जोड त्यांचा श्वासच कोंडतो. ज्या गॅरेजमध्ये हे ठाऊक नाही, तेथे हा प्रकार टाळावा. चौथा प्रकार म्हणजे नकली माल, आणि भंगार बाजारातील जुना माल. नकली मालाचे खोके हुबेहूब, भाव मात्र खऱ्याच्या अंशाइतका. जुना सेन्सर किती वर्षे धूर खाऊन आला, हे कोणीच सांगू शकत नाही. या दोहोंस आमचा स्पष्ट विरोध आहे.

कोणी म्हणतील, "आपल्याला बोलावयास काय जाते? ज्याची एकच गाडी आहे आणि हप्ता थकला आहे, त्याने काय करावे?" हा आक्षेप पोकळ नाही, आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु ऊब देणारी तार असलेला चांगला सेन्सर साधारणतः दीड लाख किलोमीटर टिकावा अशी अपेक्षा असते. नकलीच्या टिकाऊपणाची हमी कोणीच देत नाही, आणि त्याच्या खोट्या मापाने कन्व्हर्टर गेला तर थकलेल्या हप्त्यात मोठ्या खर्चाची भर पडते. गरिबाला खोटे माप श्रीमंतापेक्षा अधिक महाग पडते, हे धान्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

मेकॅनिकला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. "स्वस्तातले काहीतरी घाल" ही आज्ञा मालकाचीच असते. तो बिचारा ती पाळतो. कधी मालक याही पुढे जातो आणि "दिवाच विझवून टाक" म्हणतो. मग सेन्सरऐवजी खोटा निरोप देणारी युक्ती जोडली जाते, किंवा कन्व्हर्टरच काढून टाकला जातो. हे मापाऱ्यास लाच देण्यासारखे आहे. शिवाय धुराच्या मर्यादेचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. आणि तो धूर शेवटी आपल्याच पेठेतील हमाल व मुलेबाळे श्वासावाटे घेतात.

आपल्या संघटनेत मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारीही आहेत. त्यांना आमची नम्र पण स्पष्ट विनंती आहे. खोट्या मार्क्याचा माल जाणूनबुजून विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये कैदेस पात्र गुन्हा आहे. परंतु आपल्यासाठी कायदा ही दुसरी पायरी. अचौर्य व्रताच्या अतिचारांत उणे-अधिक माप आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या रूपात खोटा माल चालविणे, हे दोन्ही शेजारी शेजारी सांगितले आहेत. नकली सेन्सर विकणाऱ्याच्या हातून हे दोन्ही एकाच वस्तूत घडतात.

विकत घेणाऱ्यानेही आपले कर्तव्य ओळखावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा सामान्यतः ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्यास तेवढी सवलत आहे. म्हणजे पेढीच्या गाडीपुरता आपला आधार मुख्यतः पक्के बिल आणि लेखी हमी एवढाच. बिलावर सेन्सरचा क्रमांक लिहून घ्यावा, खोके आपल्यासमोर उघडवावे आणि जुना सेन्सर परत मागावा. जुन्याच्या टोकावर काळी काजळी असेल तर इंधन जास्त जात होते. पांढरी पूड असेल तर सिलिकॉनच्या लुकणाचा किंवा इंजिनात झिरपणाऱ्या कूलंटचा संशय घ्यावा. मूळ रोग तसाच ठेवला तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. बसविताना तो हातातून पडू देऊ नये, कारण आतील माती तडकते. आणि त्याच्या टोकास तेल वा ग्रीस लागू देऊ नये.

शेवटी एक सूचना. संघटनेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. तीत प्रत्येक सभासदाने आपल्या गाडीचा प्रकार, साल, बसविलेल्या सेन्सरचा क्रमांक, कारखाना, दिलेला दर आणि तो किती किलोमीटर टिकला, हे लिहावे. दोन वर्षांत ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासू होईल. पुढे एकाच जातीच्या गाड्या असणाऱ्यांनी मिळून अधिकृत विक्रेत्याशी दर ठरविला, तर लहान मालकासही खरा माल परवडेल. एकट्याने घासाघीस करून नकली माल घेण्यापेक्षा दहा जणांनी मिळून अस्सल माल रास्त दरात घेणे, हीच आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. येत्या वार्षिक सभेत या सूचनेचा विचार व्हावा, एवढी विनंती करून आम्ही सभासद बंधुभगिनींची रजा घेतो.