काटकसरीचा हिमविहार

बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ श्रीमंतांचाच, अशी आपली समजूत असते. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये ती टिकत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असतात, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा असतो. कँटरबरी प्रांतातील क्रेगीबर्न, ब्रोकन रिव्हर, टेंपल बेसिन ही हिमक्षेत्रे क्लबांची आहेत. सभासदांच्या श्रमदानावर उभी राहिलेली. १९२९ साली स्थापन झालेल्या आर्थर्स पास राष्ट्रीय उद्यानातील टेंपल बेसिनपर्यंत तर मोटारही पोहोचत नाही. सामान तारेवरून वर जाते. माणसाने मात्र सुमारे तासभर चढण चढावी! पुढे उतारावर नेणाऱ्या खुर्च्या नाहीत, धावता दोर आहे. कमरपट्ट्याला जोडलेल्या लोखंडी चिमट्याने तो पकडायचा. या चिमट्याला तिकडे ‘नटक्रॅकर’, म्हणजे अडकित्ताच, म्हणतात. निवासात केर काढणे, भांडी विसळणे यांत पाहुण्यांनाही हातभार लावावा लागतो. खर्च आटोक्यात राहतो तो यामुळेच.

वाचकहो, सहकाराचा हा धडा आपल्याला परका नाही. मात्र तेथे हिमलोटाचे भय खरे असते. त्या दिवसाची सूचना वाचल्यावाचून आणि जाणत्या सोबत्यावाचून कडेच्या उतारांवर पाऊल टाकू नये. काटकसर पैशाची करावी, सावधगिरीची नव्हे.