प्रमाणपत्राचें मोल

मुलांस संकेतस्थळांची रचना, म्हणजे वेब डिझाइन, शिकवावयाची तर प्रमाणपत्राच्या वर्गाची भरमसाट फी भरावी काय, अशी पृच्छा पालकांकडून आम्हांस वरचेवर होते. वकिलास सनद लागते, डॉक्टरास नोंदणी लागते. या धंद्यास आपल्याकडे कायद्यानें तसें कांहींच लागत नाहीं. गिऱ्हाईक पूर्वीचीं कामें पाहतें, आणि तीं उघडून पाहण्यास त्यास दोन मिनिटें पुरतात.

शिवाय ज्या साधनाचा दाखला घ्यावा तें टिकेलच असें नाहीं. अ‍ॅडोबी कंपनीचें फ्लॅश पाहा. हलत्याबोलत्या पानांसाठीं तें एके काळीं सर्रास चाले; कंपनी त्याची परीक्षा घेई व दाखले देई. २०२० च्या डिसेंबरअखेर तिनेंच फ्लॅश बंद केलें. दाखले पेटींत राहिले! उलट, पानाचे रंग व मांडणी ठरविणारी सीएसएस १९९६ सालीं प्रमाण ठरली, ती आजही रोजच्या वापरांत आहे. आणि ती शिकावयास पैसाही पडत नाहीं.

तरीही ज्याच्याजवळ दाखविण्यासारखें एकही काम नाहीं, त्यास पहिल्या नोकरीच्या अर्जाबरोबर प्रमाणपत्र उपयोगी पडतें; एकट्यानें अभ्यास न रेटणाऱ्यास वर्गाची शिस्तही मानवते. परंतु त्यासाठीं कर्ज काढणें आम्हांस पसंत नाहीं. आधीं ओळखीच्या एखाद्या वाचनालयाचें संकेतस्थळ बांधून द्यावें. तें मोबाइलवर नीट दिसतें काय, मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनानें अंध वाचकास तें ऐकतां येतें काय, हें पाहावें. जेथें हात अडेल, तेवढ्याचीच शिकवणी मग लावावी.